ए बाजूचे शेवटचे गाणे

अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे १९९८ साली, मी वहीचे एक पान फाडून त्यावर बारा गाण्यांची नावे लिहिली आणि ते पान व साठ मिनिटांची एक कोरी कॅसेट घेऊन मिरज स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका लहानशा दुकानात गेले. दुकानाला रीतसर नाव होते आणि पाटीही होती, परंतु आमच्या भागात त्याची ओळख ‘कॅसेट भरून देतात ते दुकान’ एवढीच होती. दुकानातल्या काकांनी नावांवरून बोट फिरवत यादी वाचली, आठ गाणी आपल्याकडे आहेत आणि चार सांगलीहून आणावी लागतील असे सांगितले आणि चार दिवसांनी यायला सांगितले. चार दिवसांनी गेले तेव्हा कॅसेट माझ्या हाती देताना ते थोडे अपराधी स्वरात म्हणाले, “बाळ, ए बाजूचं शेवटचं गाणं जरा तुटलंय. फीत संपली. चालंल न्हवं?” मी मान हलवली. त्या वयात एवढ्याशा गोष्टीसाठी कॅसेट परत करण्याचा विचारही मनात आला नसता.

त्या यादीत एकही चित्रपटगीत नव्हते. हे मी ठरवून केले होते असे नाही, पण आज ते पान डोळ्यांसमोर आणते तेव्हा हीच गोष्ट मला सर्वांत आधी दिसते. आमच्या पिढीने ज्याला इंडिपॉप म्हटले त्या गाण्यांचा तो बहराचा काळ होता आणि एका कोऱ्या कॅसेटवर ती गाणी एकामागून एक आणून बसवण्याचे काम माझ्यासारखे हजारो श्रोते गावोगावी करत होते.

पॉप संगीताच्या मूळ मुलखात ‘सिंगल’ म्हणजे सुटे गाणे ही विकत मिळणारी वस्तू असे. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत मिनिटाला ४५ फेरे घेणारी लहान तबकडी आणि पुढे एकदोन गाण्यांची सीडी दुकानात यायची, लोक ती घ्यायचे आणि त्या विक्रीवरून आठवड्याची क्रमवारी लागायची. एल्टन जॉन यांनी राजकन्या डायनाच्या निधनानंतर १९९७ मध्ये काढलेल्या सिंगलच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या असे नोंदवले गेले आहे. आपल्याकडेही एके काळी चित्रपटगीतांच्या लहान तबकड्या निघत, पण नव्वदच्या दशकात घरोघरी कॅसेट होती आणि कॅसेट म्हणजे आठ-दहा गाण्यांचा पूर्ण संच होता. एक गाणे हवे असेल तर उरलेली सातही घ्यावी लागत. त्यामुळे इंडिपॉपचे सिंगल आपल्या दुकानात कधी आलेच नाही. ते आले टीव्हीच्या पडद्यावर. कॅसेट कंपनीने संचातले एक गाणे निवडायचे, त्यावर चित्रफीत करायची आणि वाहिनीने ती दिवसातून अनेकदा दाखवायची, आणि श्रोत्याने ते कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचे, अशी आपली रीत होती. आपल्याकडचे सिंगल श्रोत्याने स्वतःच्या हाताने तयार केले, असे मला मनापासून वाटते.

ह्या रीतीला एक दुखरी बाजू होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्या काकांना मी जे पैसे दिले त्यातला एक पैसाही गायकापर्यंत, संगीतकारापर्यंत किंवा वादकापर्यंत पोहोचला नाही. तेव्हा हे मला कळत नव्हते. आज कळते आणि खुपते.

एमटीव्ही आपल्याकडे प्रथम १९९१ मध्ये स्टारच्या उपग्रह वाहिन्यांबरोबर आले. १९९४ मध्ये ती भागीदारी तुटली, स्टारने स्वतःची चॅनल व्ही काढली आणि १९९६ मध्ये एमटीव्ही भारतासाठीच्या वेगळ्या रूपात परतले. आमच्या गल्लीत केबलची तार ह्याच सुमारास गच्चीगच्चीवरून फिरली. गाणे सुरू होताना आणि संपताना पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काही क्षण एक पट्टी उमटायची आणि त्यात गाण्याचे नाव, गायकाचे नाव, संचाचे नाव आणि कंपनीचे नाव असे. तेवढ्या क्षणांत ते उतरवून घेण्यासाठी मी टीव्हीजवळ पेन्सिल ठेवत असे. पट्टीत जे असे तेच माझ्या यादीत येई, आणि यादीत जे येई तेच माझे त्या गाण्याविषयीचे सगळे ज्ञान असे.

यादीतले पहिले नाव अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’चे होते. हे गाणे १९९५ चे, संगीत बिद्दूंचे. बिद्दू बंगळुरूचे, इंग्लंडला जाऊन त्यांनी १९७४ मध्ये कार्ल डग्लस यांचे ‘कुंग फू फायटिंग’ घडवले, १९८० मध्ये नाझिया हसन यांच्याकडून ‘कुर्बानी’साठी ‘आप जैसा कोई’ गाऊन घेतले आणि पंधरा वर्षांनी हे गाणे दिले. चित्रफितीत एका राजकन्येपुढे देशोदेशीचे इच्छुक येतात, ती कोणालाच पसंत करत नाही आणि अखेरीस एका लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर येतात. शिवाजी पार्कच्या परिसरात वाढलेला, पोहण्यात राष्ट्रीय विजेता ठरलेला हा मराठी मुलगा एका गाण्याने देशभर माहीत झाला. पण मला त्या चित्रफितीत खोके अधिक महत्त्वाचे वाटते. १९९१ नंतर बाजारात परदेशी माल येऊ लागला होता, साबणापासून शीतपेयापर्यंत प्रत्येक वस्तूवर ती कुठे बनली हे वाचण्याची सवय आम्हाला लागत होती, आणि नेमक्या त्याच वेळी हे गाणे मालावरचा शिक्का उचलून तो प्रेमाच्या कबुलीसाठी वापरत होते. तेराव्या वर्षी मला ह्यातले काही उमगले नव्हते, तरी आपले काहीतरी मोठ्या दिमाखात पडद्यावर आले आहे एवढे मात्र जाणवले होते.

आमच्या घरात चित्रपटाबाहेरचे गाणे ही नवलाई नव्हती. आजोबा सकाळी आकाशवाणी सांगली लावत, आणि भावगीत म्हणजे काय हे मला शाळेत जाण्याआधीच माहीत होते. अरुण दाते यांचा स्वर, श्रीनिवास खळे यांची चाल आणि मंगेश पाडगावकरांचे शब्द ही तीन नावे निवेदिका एका दमात सांगत असे, आणि ती ऐकल्यावरच गाणे सुरू होई. कोणत्याही पडद्यावरच्या नायकाचे नसलेले, म्हणून ऐकणाऱ्याचे होऊ शकणारे गाणे मराठी घराला गजाननराव वाटवे यांच्या काळापासून ठाऊक होते. म्हणूनच आजोबांनी माझ्या गाण्यांना कधी नावे ठेवली नाहीत. त्यांचा एकच प्रश्न असे: “हे लिहिलंय कोणी?” आणि मला त्याचे उत्तर कधीच देता येत नसे, कारण पट्टीत कवीचे नाव नसे.

ही उणीव मला तेव्हा किरकोळ वाटली होती. आज ती त्या सबंध काळाची सर्वांत मोठी उणीव वाटते. १९९९ मध्ये केके यांचा ‘पल’ हा संच आला आणि त्यातली ‘पल’ व ‘यारों’ ही दोन गाणी पुढची कित्येक वर्षे महाविद्यालयांच्या निरोप समारंभांत गायली गेली. आमच्याही निरोप समारंभात ती झाली आणि सभागृहात मागच्या बाकांवरची मुले डोळे पुसत होती. त्या गाण्यांना संगीत लेझली लुईस यांचे आणि शब्द मेहबूब यांचे आहेत, आणि १९९७ मध्ये ए. आर. रहमान यांनी गायलेल्या ‘माँ तुझे सलाम’चे शब्दही त्याच मेहबूब यांचे आहेत, हे मला फार पुढे कळले. एकाच माणसाने स्वातंत्र्याच्या पन्नाशीचे गाणे लिहिले आणि आमच्या पिढीचे निरोपाचे गाणेही लिहिले, आणि मी ही दोन्ही गाणी तोंडपाठ म्हणत असताना त्यांचे नाव मला माहीत नव्हते. मे २०२२ मध्ये कोलकात्यातील कार्यक्रमानंतर केके गेले तेव्हा माझ्या वर्गातल्या प्रत्येकाने तीच दोन गाणी एकमेकांना पाठवली. त्या रात्री मी आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर मनातल्या मनात दिले.

लेझली लुईस यांचे नाव ह्या सगळ्या कहाणीत पुन्हा पुन्हा येते. चित्रपटांतील नृत्यदिग्दर्शक पी. एल. राज यांचा हा मुलगा गिटार घेऊन जिंगलच्या दुनियेतून आला आणि सुनीता राव यांच्या ‘परी हूँ मैं’पासून केके यांच्यापर्यंत अनेक आवाजांच्या मागे उभा राहिला. पण माझ्या मनात ते कायमचे बसले ते १९९६ मधल्या ‘कलोनियल कझिन्स’ ह्या जोडीमुळे. दुसरे कझिन हरिहरन. त्यांच्या ‘कृष्णा’ ह्या गाण्यात गिटारच्या सुरावटीवर इंग्रजीत देवाला पुन्हा पृथ्वीवर येण्याची विनवणी आहे, आणि तिच्यातून हरिहरन यांचा आलाप वर येतो व ‘कृष्णा नी बेगने बारो’ ही ओळ सुरू होते.

मिरज हे सीमेवरचे गाव आहे. आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक कानडी कुटुंब राहत असे आणि त्यांच्या घरच्या आजींना आम्ही सगळी मुले अज्जी म्हणत असू. एके दुपारी हे गाणे लागले असताना अज्जी पापडाचे पीठ मागायला खाली आल्या, दारातच थांबल्या, इंग्रजी कडवे त्यांनी तसेच उभ्याने ऐकले आणि पुढची ओळ सुरू झाल्याबरोबर आत येऊन सरळ जमिनीवर बसल्या. “हे व्यासरायांचं पद आहे,” त्या म्हणाल्या. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या व्यासतीर्थांचे, म्हणजेच व्यासरायांचे, ते पद त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. गाणे संपल्यावर त्यांनी त्यांच्या चालीत ते पद आम्हाला म्हणून दाखवले, आणि हरिहरन यांनी कोणती जागा तशीच ठेवली आहे व कोणती वेगळी वळवली आहे हेही हाताने दाखवले. ज्या गावात सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून तंबोरे घडतात आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीने दर वर्षी दर्ग्यात मैफल होते, त्या गावातल्या माणसांना सूर कुठून आला हे शोधण्याची सवयच असते. पॉप म्हणजे मुळावाचून वाढलेले गाणे अशी जी समजूत आहे ती माझ्यापुरती त्या दुपारी संपली. कवीचे नाव पट्टीत नव्हते. ते अज्जींनी सांगितले.

लकी अली यांचे ‘ओ सनम’ हेही १९९६ चेच. इजिप्तमधले पिरॅमिड, वाळू आणि एक भटका माणूस अशी ती चित्रफीत अनेकांच्या लक्षात आहे, पण माझ्या लक्षात राहिला तो आवाज. आपले कान पार्श्वगायनावर वाढलेले असतात आणि पार्श्वगायनातला आवाज नेहमी दुसऱ्याच्या ओठांसाठी गुळगुळीत केलेला असतो. ह्या आवाजाला कडा होत्या. तो कुठे कुठे स्वराला टेकत नव्हता, श्वास ऐकू येत होता, शब्द तोंडातल्या तोंडात राहत होते, आणि तरीही किंवा त्यामुळेच तो खरा वाटत होता. गाणारा माणूस आणि गाण्यातला ‘मी’ एकच आहेत हा अनुभव हिंदी गाणे ऐकताना मला पहिल्यांदा आला. नव्वदच्या दशकातल्या पॉप गाण्याने आपल्याला काय दिले असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन; बाकीचा झगमगाट विसरला तरी चालेल. दलेर मेहंदी यांनी तर १९९८ मध्ये ‘तुनक तुनक तुन’च्या चित्रफितीत दुसऱ्या कोणालाच न घेता स्वतःच्याच चार प्रतिमा नाचवल्या. फाल्गुनी पाठक आपल्या गाण्यांच्या चित्रफितींत शर्ट-पँट घालून कथेच्या कडेला सूत्रधारासारख्या उभ्या राहत. गाणारा माणूस आता पडद्यामागे राहणार नव्हता.

आशा भोसले यांची गोष्ट मात्र सगळ्यांहून वेगळी, आणि आमच्या जिल्ह्याची म्हणून मला अधिक जवळची. सांगलीत जन्मलेल्या आशाताईंनी १९९७ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, लेझली लुईस यांच्याबरोबर ‘जानम समझा करो’ गायले आणि ते आमच्यासारख्या शाळकरी मुलींच्या यादीत दाखल झाले. नेमक्या त्याच काळात इंग्लंडमध्ये कॉर्नरशॉप ह्या गटाने ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे केले. नॉर्मन कुक यांनी त्याला नवा ठेका दिला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. ते गाणे आशाताईंविषयी तर आहेच, पण त्याहून अधिक ते ४५ फेऱ्यांच्या तबकडीविषयी आहे. परदेशात वाढलेल्या एका पंजाबी मुलाने आई-वडिलांच्या घरातल्या हिंदी गाण्यांच्या लहान तबकड्या प्रेमाने आठवल्या आणि त्या आठवणीचे इंग्रजी सिंगल झाले. आशाताईंच्या नावाचे सिंगल ब्रिटनच्या दुकानांत हातोहात खपत होते, त्या वर्षी त्यांच्या सांगलीपासून दहा किलोमीटरवर मी त्यांचे गाणे वहीच्या पानावर लिहून कोऱ्या कॅसेटवर भरून घेत होते. हे मला जेव्हा उमगले तेव्हा त्या फाडलेल्या पानाविषयी फार माया वाटली.

मराठीत हा प्रवाह थोडा उशिरा आणि वेगळ्या वाटेने आला. १९९८ च्या ‘गारवा’मध्ये मिलिंद इंगळे गात होते आणि गाण्यांच्या आधी सौमित्र आपली कविता म्हणत होते. म्हणजे मराठीने पॉपचा वेष घेतानाही कवीला आपल्याबरोबर ठेवले, एवढेच नव्हे तर त्याचा आवाजही ऐकवला, आणि आजोबांनी त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच मला कोणताही प्रश्न विचारला नाही. ‘ऐका दाजिबा’ २००२ चे. वैशाली सामंत यांचा खणखणीत आवाज आणि अवधूत गुप्ते यांचे संगीत घेऊन ते हिंदी गाण्यांच्या वाहिनीवर लागले तेव्हा मी पुण्यात वसतिगृहात होते. खोलीतल्या दोन अमराठी मैत्रिणींनी मला ‘दाजिबा’ म्हणजे काय असे विचारले आणि मी ते ज्या अभिमानाने समजावून सांगितले तो मला अजून आठवतो.

परंतु २००२ हेच वर्ष ‘काँटा लगा’चेही होते. मूळ गाणे १९७२ च्या ‘समाधी’तले, मजरूह यांच्या शब्दांचे, राहुलदेव बर्मन यांच्या चालीचे आणि लतादीदींच्या आवाजातले. त्याचे नवे रूप इतके चालले की पुढची काही वर्षे वाहिन्यांवर जुन्या गाण्यांच्या नव्या रूपांचीच रांग लागली. तेव्हाच्या कायद्यात मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे उलटल्यावर, मालकाला कळवून आणि ठरलेले मानधन भरून, त्याच गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करण्याची मुभा होती. २०१२ च्या दुरुस्तीत हा काळ पाच वर्षांचा झाला आणि मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास आळा बसला, पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. त्याच २००२ मध्ये अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स ह्या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये लतादीदींच्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा विनापरवानगी वापरला गेला. संगीतकार बप्पी लाहिरी न्यायालयात गेले आणि त्यांचे नाव छापल्याशिवाय ती तबकडी विकू नये असा आदेश तिथल्या न्यायालयाने दिला. नावासाठी एवढे भांडावे लागते हे वाचून मला पुन्हा टीव्हीच्या कोपऱ्यातली ती पट्टी आठवली.

रिमिक्सवर राग धरणारी अनेक माणसे मूळ गाण्याच्या पावित्र्याविषयी बोलतात. माझे दुःख वेगळे आहे. नव्वदच्या दशकातल्या गाण्यांनी पडद्यामागच्या माणसाला पुढे आणले होते आणि त्याला स्वतःचे नवे गाणे दिले होते. रिमिक्सने गाणे जुने घेतले आणि गाणाऱ्याला पुन्हा अदृश्य केले. लकी अली यांचा आवाज ओळखता येतो. रिमिक्सच्या त्या रांगेतला एकही आवाज मला आज ओळखता येणार नाही आणि ह्यात त्या गायिकांचा काही दोष नाही. पुढे मॅग्नासाउंडसारख्या, ह्या गाण्यांवर विश्वास ठेवणाऱ्या कंपन्या मिटल्या, वाहिन्यांवर गाण्यांऐवजी स्पर्धांचे कार्यक्रम आले, एमपी३च्या एका तबकडीत दीडशे गाणी मावू लागली आणि गाणे मोबाइलच्या कॉलर ट्यूनइतके आखूड झाले. मोहित चौहान, शान, केके, नीरज श्रीधर ह्या सर्वांना चित्रपटांनी आपल्यात घेतले. त्यांनी तिथेही सुंदर गाणी गायली आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही, पण ती गाणी पुन्हा कोणा दुसऱ्याच्या ओठांवरची होती.

ती कॅसेट आता माझ्याकडे नाही. मिरजेचे घर सोडताना ती कुठेतरी गेली. गाणी मात्र सगळी फोनवर आहेत, स्वच्छ आणि पूर्ण. पट्टीत जे नव्हते ते आता मी शोधून वाचते. प्रत्येक गाण्याचा कवी, वादक, ध्वनिमुद्रक कोण ते पाहते आणि नाव सापडले की वहीत उतरवून ठेवते. तरी एक गोष्ट कानातून गेलेली नाही. ‘ओ सनम’ संपले की पुढच्या क्षणी मला ‘कृष्णा’ची गिटार ऐकू येऊ लागते, कारण माझ्या कॅसेटवर ती दोन गाणी तशी लागून होती. आणि ए बाजूचे शेवटचे गाणे सिल्क रूट ह्या गटाचे ‘डूबा डूबा’ होते. मोहित चौहान यांचा तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर पोहोचायचा, एक शब्द अर्धा उच्चारला जायचा आणि खटकन बटण वर यायचे. मी उठून कॅसेट उलटत असे. आज ते गाणे शेवटपर्यंत वाजते, पण त्या अर्ध्या शब्दाशी आले की माझा हात अजूनही किंचित पुढे होतो.